कुंपणावरचा सोनेरी भुंगेरा: कोलशेतमधलं एक प्रकरण

हे प्रकरण ठाण्याच्या कोलशेत भागातल्या एका हाउसिंग सोसायटीतलं आहे. संबंधित घरच्यांच्या परवानगीने लिहितो आहे. सोसायटीचं आणि माणसांची नावं दिलेली नाहीत. मी काही वर्षं ठाणे परिसरात कीटकांचे फोटो काढतो, त्यामुळे ओळखीत कुणाला काही वेगळं दिसलं की फोन येतो. हेही तसंच सुरू झालं. लिहायला बसलो ते दोन कारणांनी. यात एक भुंगेरा आमच्या हातून मेला. आणि माझा सगळ्यात देखणा आलेला फोटो ओळख पटवायला सगळ्यात निरुपयोगी ठरला.

पार्श्वभूमी

सोसायटी जुनी, चार मजली, खाडीच्या अंगाला. मागच्या बाजूला तारेच्या जाळीचं कुंपण आहे आणि त्यावर रेल्वे क्रीपर चढलेली आहे. पाच बोटांच्या पंजासारखी पानं, फिकट जांभळी कर्ण्यासारखी फुलं. लोकलमधून जाताना रुळांच्या कडेला जाळ्यांवर दिसते तीच. काही जण हिला गारवेल म्हणतात. ती कुणी लावली नव्हती. रताळ्याचीच ही बहीण, आयपोमिया या एकाच प्रजातीतली, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटातली, आणि हे नातं पुढे कामाला आलं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, तळमजल्यावरच्या काकू देवाला फुलं काढायला मागे गेल्या. पानावर त्यांना सोन्याचा ठिपका दिसला. कुणाच्या तरी कानातलं पडलंय असं वाटून त्यांनी हात पुढे केला आणि ‘कानातलं’ चालायला लागलं. काकूंनी मोबाइलवर फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. उत्तरं पटापट आली: सोनकिडा आहे, विषारी आहे, घरात आला की लक्ष्मी येते, औषध मारून घ्या.

सोनकिडा हे नाव आपल्याकडे ज्वेल बीटलला वापरतात. ते लांबट आणि कडक कवचाचे असतात, त्यांचा हिरवा-निळा झळाळ मेल्यावरही वर्षानुवर्षं टिकतो, म्हणून त्यांचे पंख दागिन्यांत आणि भरतकामात वापरले गेले. काकूंचा कीटक मात्र गोल आणि घुमटासारखा होता. पण फोटोत पांढऱ्या चकाकीपलीकडे फारसं काही दिसत नव्हतं, त्यामुळे ग्रुपवर कुणाला हा फरक कळण्याचा प्रश्न नव्हता.

अडचण

संध्याकाळी काकूंचा सहावीतला नातू शाळेतून आला. त्याने तो भुंगेरा जॅमच्या बाटलीत घेतला, झाकणाला भोकं पाडली, एक पान टाकलं. मुलाने काळजीनेच केलं होतं सगळं. बुधवारी दुपारपर्यंत भुंगेऱ्याचं सोनं फिकं पडलं. रात्री तो तांबूस दिसत होता, आणि मुलगा आजीशी भांडत होता की कुणीतरी त्याचा भुंगेरा बदलला.

बुधवारी रात्री नऊच्या सुमारास काकूंचा मला फोन आला. “अहो, तो सोन्याचा होता हो, आता नुसता किड्यासारखा दिसतोय. काय करू?” मी म्हणालो, “राहू दे काकू, सकाळी येऊन बघतो.” या एका वाक्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

गुरुवारी सकाळी मी पोहोचलो तेव्हा तो बाटलीच्या तळाशी उताणा पडलेला होता. रंग चिंचोक्यासारखा.

त्यातच दुसरी अडचण उभी होती. पावसाळ्यातल्या डासांमुळे कमिटीने शनिवारी मागचं कुंपण साफ करायचं ठरवलं होतं: माळी वेल काढणार, त्यावर फवारणी होणार. म्हणजे हातात दोन सकाळी होत्या. एक मेलेला तपकिरी भुंगेरा, एक चकाकणारा बिनकामाचा फोटो, आणि दोन्ही एकाच कीटकाचे आहेत हे पटवायला पुरावा नाही.

समोरचे पर्याय

पर्याय बघण्याआधी हा रंग का गेला ते समजून घ्यायला हवं होतं, कारण सगळे निर्णय त्यावर अवलंबून होते. आकारावरून हा टॉर्टॉइज बीटल, म्हणजे कासवभुंगेरा, याची मला खात्री होती. या गटातल्या काही जातींचं सोनं हा रंगद्रव्याचा रंग नसतो. कवचात एकावर एक अतिशय पातळ थर असतात. त्यांत ओल असेपर्यंत प्रकाश आरशावरून यावा तसा परत येतो. ओल कमी झाली की आरसा विझतो आणि खालचा तांबूस-तपकिरी रंग दिसायला लागतो. मेल्यावर शरीर वाळतं, तेव्हा सोनं जातं ते कायमचंच. काही जातींत नुसता त्रास झाला तरी जिवंतपणीच रंग उतरतो. मुलाच्या भुंगेऱ्याला कुणी बदललं नव्हतं.

याचा सरळ अर्थ असा की या कीटकाचं सोनं कुठल्याच संग्रहात टाचणीला लावून ठेवता येत नाही. त्याची नोंद फक्त जिवंत असतानाच्या फोटोतच राहू शकते.

पहिला पर्याय होता दुसरा भुंगेरा पकडून जाणकाराकडे नेणं. एक बाटलीत मेल्यावर दुसरा बाटलीत घालायला माझं मन धजेना. शिवाय प्रवासात रंग पुन्हा उतरलाच असता.

दुसरा पर्याय छायाचित्रकारांत बराच चालतो: कीटक काही मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायचा, थंडीने सुस्त झाला की पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो घ्यायचा. बरोबरच्या एका मित्राने हाच सुचवला. त्यातल्या क्रूरपणाबद्दल आमचं थोडं वाजलं, पण माझं मुख्य म्हणणं वेगळं होतं. ज्याचा रंग ओल आणि स्वस्थपणा यांवर अवलंबून आहे, त्याला थंड करून काढलेला फोटो खरा कशावरून म्हणायचा? शिवाय पांढऱ्या कागदावर वेल येत नाही, आणि या भुंगेऱ्यांच्या बाबतीत ते कोणत्या झाडावर होते ही अर्धी ओळख असते.

तिसरा पर्याय म्हणजे आहे त्यावर भागवणं: काकूंचा फोटो आणि मेलेला नमुना एकत्र अपलोड करून वाट बघणं. सोपं होतं, पण शनिवारनंतर वेलच उरणार नव्हती आणि कुणी काही विचारलं तर परत जाऊन बघायला जागा राहिली नसती.

चौथा पर्याय घेतला: जागच्या जागी, हात न लावता, दोन सकाळींत जमतील तेवढे फोटो. मेलेला भुंगेराही टाकला नाही. काडेपेटीत कापूस घालून त्यावर ठेवला. पोट, पाय, शिंगाखालचा (म्हणजे स्पर्शिकेखालचा) भाग हे जिवंत भुंगेरा दाखवत नाही. ते या नमुन्यात पाहता येणार होतं.

हे सगळं सोसायटीच्या आवारातलं होतं म्हणून एवढी मोकळीक होती. याच ठाण्यात येऊरला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, मेलेला कीटकही परवानगीशिवाय उचलू नये. मुलाला हे त्याच दिवशी सांगितलं.

काय केलं

गुरुवारी साडेसातपासून पाऊण तास आम्हाला एकही भुंगेरा दिसला नाही. आम्ही सोन्याची चमक शोधत होतो आणि ढगाळ सकाळी चमक नसतेच. मग काकूच म्हणाल्या, “पानं बघा ना, कुठली खाल्लेली आहेत.” त्यांचं बरोबर होतं. गोल भोकं पडलेली पानं कुंपणाच्या एकाच टोकाला जास्त होती. तिथे पानं उलटून बघितली आणि दोन भुंगेरे सापडले.

जवळून तो असा दिसतो. मधला घुमट सोन्याचा, आणि भोवती काचेसारखी पारदर्शक कड, इतकी स्वच्छ की तिच्यातून पानाच्या शिरा दिसतात. डोकं त्या कडेखाली झाकलेलं, चालताना फक्त शिंगांची टोकं बाहेर येतात. कडेवर चार कोपऱ्यांत चार तपकिरी डाग. वरून पाहिलं तर कासवाने चार पाय बाहेर काढल्यासारखे वाटतात. माझ्या हाताची सावली पडली तशी शिंगं आत गेली, कड पानाला टेकली आणि पूर्ण भुंगेरा एखाद्या बटणासारखा चिकटून बसला. असा टेकला की मुंगीला आत शिरायला फट राहत नाही. मी सावली काढून घेतली. साधारण दोन मिनिटांनी कड परत उचलली.

माझ्याकडे १०० मिमीचा मॅक्रो लेन्स आणि फ्लॅश होता. थेट फ्लॅश मारलेल्या फोटोत घुमटाच्या मधोमध पांढरं भोक पडलं. मग फ्लॅशपुढे ट्रेसिंग पेपर वाकवून लावला, अॅपर्चर एफ ११, शटर १/२००. आता फोटो आला तो देवळाच्या कळसासारखा झळाळता. काकूंच्या घरी सगळ्यांनी तोच पुढे पाठवला. मीही संध्याकाळी आयनॅचरलिस्टवर, म्हणजे प्राणी-वनस्पतींचे फोटो टाकून लोकांकडून ओळख पटवून घ्यायच्या साइटवर, तोच टाकला.

रात्री दोन जणांनी विचारलं: पाठीवर उजवीकडे लाल पट्टा आहे, ही कुठली वेगळी जात? मी फोटो मोठा करून बघितला. तो पट्टा माझ्या लाल रेनकोटचा होता. भुंगेऱ्याची पाठ म्हणजे बहिर्वक्र आरसा. त्यात ट्रेसिंग पेपर होता, कुंपणाची तार होती आणि मी होतो. झळाळीने घुमट भरून गेला होता, पारदर्शक कड हिरव्या पानात विरघळली होती, आणि ज्या चार डागांवरून ओळख पटायची त्यातला एकच धड दिसत होता. शिवाय आकार किती, हे कळायला फोटोत काहीच नव्हतं.

शुक्रवारी म्हणून पद्धत बदलली. राखाडी सदरा घातला. फ्लॅश बंद. पावणेआठचा ढगाळ उजेड, एफ ८, आयएसओ ८००. खाडीवरून वारा येत होता म्हणून वेलीचा देठ कपड्यांच्या चिमट्याने जाळीला धरला. पानाला आणि भुंगेऱ्याला हात नाही. फोटो अगदी वरून, फोकस घुमटावर न करता कडेवर. मग बाजूने एक. मग पूर्ण पान आणि फूल येईल असा मागे सरून एक. भुंगेरा चालून गेल्यावर तिथेच पट्टी धरून, लेन्सचा फोकस न हलवता एक, म्हणजे माप काढता येईल. हे फोटो दिसायला मरगळलेले आहेत. सोनं त्यांत पितळेसारखं दिसतं. पण चारही डाग, कडेचा आकार आणि खांद्यांची ठेवण स्पष्ट आहे.

पानं उलटता उलटता मुलाला दुसरंच काहीतरी सापडलं. चपटी, कडेला काट्यांची झालर असलेली अळी, आणि तिने शेपटाकडच्या काट्यावर स्वतःच्या जुन्या काती गोळा करून पाठीवर छत्रीसारख्या धरलेल्या. काडीची सावली पडली की ती छत्री त्या बाजूला वळवायची. मुलगा तिच्यासमोर किती वेळ उकिडवा बसून होता! जवळच दोन पानांवर कागदासारखे तपकिरी पापुद्रे चिकटलेले होते, ही अंड्यांची पाकिटं. म्हणजे भुंगेरा वाट चुकून आलेला नव्हता. तो इथेच जन्माला येत होता, आणि शनिवारी वेलीबरोबर हे सगळं जाणार होतं.

सेक्रेटरी काकांशी बोलायला काकू आणि मी शुक्रवारी संध्याकाळी गेलो. आधी आमच्यात ठरवलं होतं की वेल पूर्ण ठेवा असं म्हणायचं नाही. त्यांच्या घरात मागच्या वर्षी डेंग्यू झाला होता. त्यांना किड्याचं कौतुक सांगण्यात अर्थ नव्हता. ते म्हणाले, “उद्या तुमचा किडा सगळ्या कुंड्या खाईल, मग मी कुणाला उत्तर देऊ?” इथे रताळ्याचं नातं कामाला आलं. हे भुंगेरे रताळ्याच्या कुळातल्या वेलींवर जगतात; काकांच्या जास्वंदीशी आणि गुलाबांशी त्यांचं काही देणंघेणं नाही. डासांचं म्हणाल तर डेंग्यूचा डास पानांवर अंडी घालत नाही, त्याला साठलेलं स्वच्छ पाणी लागतं. “चला, बघूनच येऊ,” असं काका स्वतःच म्हणाले. कुंपणाच्या बुडाशी नारळाच्या करवंट्या, एक फुटकी बादली आणि प्लास्टिकची ताडपत्री निघाली. बादलीत डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

ठरलं ते असं: खालचा सगळा कचरा काढायचा, वेल कमरेएवढ्या उंचीवर छाटायची, आणि टोकाची साधारण पंधरा फूट जाळी तशीच ठेवायची, तिथे फवारणी नाही.

एक निर्णय राहिला होता. साइटवर फोटो टाकला की जागेचा नेमका ठिपका सगळ्यांना दिसतो, आणि हा ठिपका काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर पडत होता. आम्ही जागा धूसर ठेवण्याचा पर्याय निवडला. भाग कळतो, घर कळत नाही. घराजवळच्या नोंदी टाकणारे बरेच जण ही सेटिंग पाहतच नाहीत. ती आधी पाहावी.

निष्पत्ती

मरगळलेले फोटो टाकल्यावर काही दिवसांतच ओळख पटली: ॲस्पिडिमॉर्फा सँक्टेक्रुसिस. एकाने सुचवली, दुसऱ्याने दुजोरा दिला, नोंद रिसर्च ग्रेड झाली, म्हणजे साइटने ती ओळख पटलेली मानली. त्याच प्रजातीतली ॲस्पिडिमॉर्फा फर्काटा जवळची दिसते पण लहान असते, म्हणून पट्टीचा फोटो निर्णायक ठरला; आमचा भुंगेरा सेंटीमीटरपेक्षा मोठा भरला. मिलिआरिस ही तिसरी जात अंगभर काळे ठिपके घेऊन असते, ती आधीच बाद झाली होती. सँक्टेक्रुसिस म्हणजे ‘पवित्र क्रूस’. आपल्या सांताक्रूझच्या नावात तेच दोन शब्द आहेत, त्यामुळे नातवाला नाव एका ऐकण्यात पाठ झालं.

जाणकारांसाठी ही जात दुर्मीळ नाही. भारतात या गटावर समरेंद्र मौलिक यांचा ग्रंथ १९१९ मध्येच आला. पण असली कामं संग्रहातल्या वाळलेल्या नमुन्यांवर होतात आणि तिथे सोनं नसतं; म्हणून ओळखीच्या खुणा कडेच्या, डागांच्या आणि शिंगांच्या असतात. गुरुवारच्या फोटोत मी नेमकं उलटं केलं होतं. सोनं घेतलं आणि खुणा सोडल्या.

शनिवारी माळीदादा लवकर, सातच्या आत आले आणि त्यांनी कामाला सुरुवात दुसऱ्या टोकाने केली. आम्ही पोहोचेपर्यंत बरीच वेल जमिनीवर होती. तिच्यातून सहा अळ्या काढून देठासकट राखलेल्या वेलीवर नेऊन ठेवल्या. अंड्यांचं एक पाकीट सापडलं, दुसरं ढिगात गेलं. राखलेल्या पट्ट्यात ऑगस्टभर भुंगेरे दिसत राहिले, कधी एक, कधी तीन. सेक्रेटरी काकांनी त्या भागाला सुतळी बांधून घेतली, म्हणजे नवीन माळी आला तरी त्याला कळावं.

पुन्हा अशी वेळ आली तर

बुधवारी रात्रीचं ते वाक्य. काकूंनी रंग उतरल्याचं सांगितलं तेव्हा भुंगेरा जिवंत होता. मी म्हणायला हवं होतं, “काकू, आत्ता टॉर्च घेऊन जा आणि ज्या वेलीवरून आणला तिथेच सोडा.” पाच मिनिटांचं काम होतं. मी ‘सकाळी बघतो’ म्हणालो कारण मला तो बघायचा होता. सोडला तर सापडणार नाही ही भीती होती. सोडला असता तर तो वाचलाच असता असं नाही, पण बाटलीत त्याला वाचायची संधीच नव्हती. आता कुणाचाही फोन आला की माझा पहिला प्रश्न ‘तो आत्ता कुठे आहे?’ हा असतो आणि फोटोचं नंतर.

मुलाला कुणी रागावलं नाही हे बरं झालं. पण त्याला रंगाचं कारण मी गुरुवारी दुपारी सांगितलं. तोवर तो सकाळभर स्वतःला दोष देत बसला होता. ते सकाळी दारातच सांगायला हवं होतं.

फोटोंचा क्रम मी उलटा लावेन. आधी ओळखीचे: वरून, बाजूने, झाडासकट, पट्टीसकट, फ्लॅशशिवाय. ते हाती आल्यावर मग कळसासारखा झळाळणारा. सुंदर फोटोचा मोह मला अजूनही होतो आणि तो वाईट आहे असं मी म्हणणार नाही. सेक्रेटरी काकांनी आमचं ऐकून घेतलं त्यात त्या गुरुवारच्या फोटोचा मोठा वाटा होता, काकूंच्या मोबाइलवर त्यांनी तो आधीच पाहिला होता. पण वेळ कमी असेल तर आधी कड आणि डाग.

माळीदादांशी शुक्रवारीच थेट बोलायला हवं होतं. कमिटीशी बोललो म्हणजे निरोप पोहोचला असं आम्ही धरून चाललो. हातात कोयता त्यांच्या होता.

काडेपेटी नातवाकडे आहे. आत चिट्ठी घालायला सांगितलं होतं: तारीख, जागा, वेल, कुणाला सापडला. त्याने चारही गोष्टी नीट लिहिल्या आणि खाली स्वतःच्या मनाने पाचवी ओळ घातली: ‘रंग सोनेरी, जिवंत असताना.’